शिवण उसवते कुठे आणि का

2024-25 च्या शालेय वर्षात राज्यात 'एक राज्य एक गणवेश' योजना आली तेव्हा बातम्यांत मुख्यतः दोनच तक्रारी गाजल्या, गणवेश उशिरा आले आणि जे आले ते मुलांच्या मापात बसेनात. पुढच्या वर्षासाठी ते काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं आणि चर्चाही थांबली. त्या सगळ्यात लोक कापडावर बोलले, रंगावर बोलले, ठेक्यावर तर भरपूर बोलले, पण शर्ट जरा उलटा करून आतून बघा असं म्हणणारं मला तरी फारसं कुणी दिसलं नाही. आणि पोरांचा गणवेश कापडातून जातो तो उशिरा, त्याच्या आधी शिवणीतून जातो. काखेत, पॅन्टच्या सीटवर, खिशाच्या कोपऱ्यात.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. ब्लाउज मुंढ्यात फाटतो, कुर्ता साइडच्या कटच्या वरच्या टोकाला उसवतो, नवा टी-शर्ट अल्टर करून आणला की दोनदा घालेपर्यंत खालची टीप तुटलेली असते, आणि आपण म्हणतो शिलाईच कच्ची होती. आता कच्ची म्हणजे नेमकं काय हे टेलरला विचारलं तर तो म्हणणार, द्या ताई, परत टीप मारून देतो. बरं, परत तीच टीप मारली तर ती परत तुटणार नाही का? तुटणार. का तुटणार ते बघू.

टाका वेगळा, शिवण वेगळी

बोलताना आपण दोन्ही एकच समजतो, पण कामाच्या दृष्टीने या दोन गोष्टी आहेत. टाका म्हणजे दोरा कापडाला कसा पकडतो ते. शिवण म्हणजे कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर कसे ठेवले, कसे दुमडले आणि मग जोडले ते. एकाच पद्धतीची शिवण चार वेगवेगळ्या टाक्यांनी घालता येते आणि एकाच टाक्याने दहा प्रकारच्या शिवणी होतात. कारखान्यांसाठी याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, टाक्यांचे 6 वर्ग, शिवणींचे 8 वर्ग, आणि प्रत्येक टाक्याला तीन आकडी नंबर. साध्या मशीनची टीप म्हणजे 301. हे नंबर पाठ करायची अजिबात गरज नाही, एक्स्पोर्टच्या कामात असाल तरच.

तिसरा शब्द माया. शिवणीच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड सोडतात ते. पुढे हा शब्द बऱ्याचदा येणार आहे.

मशीनच्या खाली काय चालतं

घरातल्या मशीनला दोन दोरे असतात, एक वरच्या रिळाचा आणि एक खालच्या बॉबिनचा, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण सुई तर नुसती वर-खाली होते, मग दोन दोरे एकमेकांत अडकतात कसे? सुईचं भोक टोकाशी असतं, हातसुईसारखं मागे नाही. सुई कापडाखाली जाते आणि वर यायला लागते त्या क्षणी तिच्या दोऱ्याचा खाली एक छोटा फास पडतो, शटलचा आकडा तो फास पकडतो आणि अख्ख्या बॉबिनला वळसा घालून आणतो, म्हणजे खालचा दोरा त्या फासातून आरपार जातो. मग वरची हलती पट्टी दोरा खेचून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या बरोबर मध्ये जाऊन बसते. एवढं सगळं एका टाक्यात, आणि कारखान्यातली मशीन असे मिनिटाला 5000 पर्यंत टाके घालते.

याला लॉकस्टिच म्हणतात, आपली साधी टीप. वरून आणि खालून सारखीच दिसते, एक टाका तुटला तरी शेजारचे पटकन सुटत नाहीत, दोराही कमी लागतो, 1 मीटर शिवणीला दोन्ही मिळून साधारण अडीच-तीन मीटर. म्हणून शर्टाची कॉलर, कफ, खिसा, बटणपट्टी सगळीकडे हीच. दोन दोष मात्र आहेत. बॉबिन एवढीशी असते त्यामुळे ती सारखी संपते, आणि दुसरा मोठा दोष म्हणजे ही टीप फार ताणत नाही. कापड ताणलं की दोराच तुटतो.

जाता जाता एक सांगतो, खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं की लोक बॉबिन काढून बघत बसतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते, तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. आधी वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा, प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर करून.

पोत्याचा दोरा एका ओढीत कसा सुटतो

तांदळाच्या पोत्याचा दोरा एका बाजूने ओढला तर सर्रकन पूर्ण निघतो आणि दुसऱ्या बाजूने कितीही ओढा, जाम. हा साखळी टाका, चेनस्टिच. यात एकाच दोऱ्याचा प्रत्येक फास आधीच्या फासातून काढलेला असतो, त्यामुळे शिलाई जिथे संपली त्या टोकाकडून ओढलं तरच फास एकामागून एक सुटत येतात, जिथे सुरू झाली तिथून नाही. पोत्याला हे मुद्दाम हवं असतं. कपड्याला नको असतं, म्हणून कपड्यात शक्यतो दोन दोऱ्यांची साखळी वापरतात, ती एवढी सहज सुटत नाही, पण योग्य टोक मिळालं तर सुटतेच.

मग कपड्यात वापरतात कशाला? कारण साखळी ताणते. शिवाय दोन्ही दोरे मोठ्या कोनवरून, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळांवरून, येतात, बॉबिन बदलायला थांबायचं नाही, कारखानदाराला अजून काय पाहिजे. जीन्सच्या पायाच्या आतल्या लांब शिवणीत आणि कमरेच्या पट्टीत ही बऱ्याचदा दिसेल, बाहेरून साधी टीप वाटते, आतून बघितलं तर कडी-कडी.

गंमत म्हणजे शिलाई मशीनचा पहिला कारखाना याच टाक्यावर चालला आणि तो शिवत होता गणवेशच. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 मध्ये पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये सुमारे 80 मशीनवर सैन्याचे कपडे शिवायला सुरुवात केली, आणि 1831 मध्ये पोटावर पाय येणार म्हणून तिथल्या शिंप्यांनी जमाव करून ती मशीन फोडून टाकली. लॉकस्टिचचं पेटंट अमेरिकेत इलायस हाऊने घेतलं ते 1846 मध्ये आणि सिंगरचं मशीन आलं 1851 मध्ये.

टी-शर्टची अल्टर केलेली टीप का तुटते

आता उत्तर तुम्हालाच सुचलं असेल. टी-शर्टचं कापड विणलेलं असतं, स्वेटरसारखं, फक्त अगदी बारीक सुयांवर, म्हणून ते ताणतं. टेलरकडे साधं मशीन, त्यावर 301 ची टीप. डोक्यातून टी-शर्ट काढताना घेर ताणला जातो, कापड ताणतं, टीप ताणत नाही, कट्. यात टेलरचा हात वाईट नाही आणि दोराही वाईट नाही, त्या कापडाला तो टाकाच चालत नाही.

कंपनीच्या टी-शर्टची खालची कड बघा, वरून दोन समांतर टिपा आणि आतून दोऱ्यांची जाळी. त्या जाळीमुळे ती ताणते. हे वेगळं मशीन असतं, सगळ्या टेलरकडे नसतं. घरी करायचं असेल तर दोन मार्ग आहेत, एक म्हणजे बारीक झिगझॅग, दुसरा म्हणजे जोडसुई, एका दांड्यावर दोन सुया असलेली, ही साध्या झिगझॅग मशीनलाही बसते, वरून दोन टिपा येतात आणि खाली बॉबिनचा दोरा दोन्हीत नागमोडी फिरतो म्हणून थोडा ताण सहन करतो. सुई मात्र गोल टोकाची, बॉलपॉइंट घ्या, टोकदार सुईने विणीचे धागेच तुटतात आणि मग धुतल्यावर शिवणीलगत भोकं दिसतात.

टी-शर्टच्या बाजूच्या शिवणी ओव्हरलॉकने जोडलेल्या असतात, ज्याला आपल्याकडे सर्रास इंटरलॉक म्हणतात. यात मशीनला सुरी असते, ती कापडाची कड कापत जाते आणि मागोमाग दोरे त्या कडेला गुंडाळत जातात. तीन दोऱ्यांचं असेल तर ते मुख्यतः कड झाकायला, धागे निघू नयेत म्हणून, आणि चार दोऱ्यांचं असेल तर त्यात जोडायची ताकदही येते. पाच दोऱ्यांच्या मशीनमध्ये ओव्हरलॉक आणि त्याच्या शेजारी एक साखळी टीप असं एकदम होतं, रेडीमेड कुर्ते आणि सलवारींत हे भरपूर दिसतं. ऑनलाइन कुणी 'फोर थ्रेड' वगैरे लिहून कौतुक करत असेल तर ते एवढंच. दोरा मात्र हे भयंकर खातं, तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला 1 मीटरला 14 मीटरच्या आसपास, म्हणून स्वस्त मालात पहिली काटकसर इथेच होते आणि टाके विरळ दिसतात.

शिवणींचे प्रकार, लागतात तेवढेच

साधी शिवण म्हणजे दोन कापडं सुलट बाजू आत करून ठेवली, कडेपासून थोडं आत टीप मारली, उलगडलं. कडा आत उघड्याच राहतात, म्हणून मग ओव्हरलॉक. आपले बहुतेक कपडे असेच असतात.

फ्रेंच शिवण उलटी सुरू होते. आधी उलट बाजू आत ठेवून अगदी कडेला टीप मारायची, जास्तीची कड कापायची, मग कापड पलटून परत एक टीप, की आधीची कड त्या दोन टिपांच्या मध्ये बंद होते. आत-बाहेर कुठेच कच्ची कड दिसत नाही. शिफॉन, ऑर्गंझा अशा आरपार दिसणाऱ्या कापडाला हीच शोभते, आणि बाळाच्या झबल्याला तर ही फारच चांगली, कारण टोचणारा नायलॉनचा दोरा अंगाला लागत नाही. जाड कापडाला नको, शिवणीत दोरखंड झाल्यासारखं वाटतं, आणि मुंढ्यासारख्या वळणावर ती जरा त्रास देते.

दाबशिवण म्हणजे जीन्सवाली. दोन कापडांच्या कडा एकमेकांत दुमडून, सपाट करून, वरून दोन टिपा. आत उघडी कड नाही, कापडाचे चार थर एकत्र. पुरुषांच्या चांगल्या फॉर्मल शर्टाच्या बाजूलाही ही असते, तिथे ती अगदी बारीक असते म्हणून लक्षात येत नाही. याला वेळ लागतो, नाहीतर खास मशीन लागतं, त्यामुळे शर्टाच्या किमतीत फरक कुठे पडला ते बघायचं असेल तर ही जागा बघायची.

आणि चौथी, कडेला तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी गुंडाळून बंद केलेली. बिनअस्तराच्या जॅकेटमध्ये, पिशव्यांमध्ये दिसते. पट्टी तिरकीच का, तर तिरकं कापलेलं कापड वळणावर चुण्या न पडता वळतं, सरळ धाग्यात कापलेलं वळत नाही.

हातशिलाई यात अजून संपलेली नाही. गोधडी तर अख्खी धावदोऱ्यावर उभी. साडीचा फॉलसुद्धा बऱ्याच बायका अजून हातानेच लावून घेतात, कारण मशीनची टीप वरून दिसते आणि पातळ साडीला चुण्या पडतात, हाताचा टाका साडीचे एक-दोनच धागे उचलतो. फॉलची पट्टी आधी पाण्यातून काढून वाळवलीत तरच, नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीची कड गोळा होते, मग दोष शिवणाऱ्या बाईला.

टाके जितके बारीक तितकं मजबूत, नाही का?

हा प्रश्न येणारच. एका हद्दीपर्यंत हो. चांगल्या शर्टाला इंचाला 14 ते 18 टाके असतात आणि ते छान दिसतं, टिकतंही. पण जीन्सला 7-8 च असतात आणि जीन्स काय कमी टिकते? जाड कापड, जाड दोरा, लांब टाका. प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पडलेलं एक भोक, 16 नंबरची सुई साधारण 1 मिलिमीटर जाड असते, ती पातळ कापडात इंचाला वीस वेळा घुसवली तर शिवणीच्या रेषेवर कापड उरतं किती? रेक्झिन किंवा चामड्यावर हे करून बघा, टीप शाबूत राहील आणि चामडं त्या रेषेवर फाटेल.

मग जाड, दणकट दोरा वापरला तर? त्याचंही तेच. शिवण ही घरातल्या फ्यूजसारखी असावी लागते, ताण फार झाला तर आधी दोरा जावा, कापड जाऊ नये. दोरा तुटला तर दहा रुपयांत परत टीप बसते, कापड फाटलं तर रफू, आणि रफू कितीही चांगलं असलं तरी दिसतंच. पातळ सुती ब्लाउजला जाड पॉलिस्टरचा दोरा लावणारे लोक हे विसरतात, दोरा शेवटपर्यंत टिकतो आणि कापडाला करवतासारखा कापत जातो.

ताकद लागते ती काही ठराविक जागांवर. जीन्सच्या खिशांचे कोपरे फाटतात म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर 1873 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हल्ली त्या कामाला बारटॅक असतो, म्हणजे एका छोट्या रेघेवर गच्च झिगझॅग टाके, बेल्टच्या लुपावर, चेनच्या खाली, खिशाच्या तोंडाशी. कुर्त्याच्या कटच्या वरच्या टोकाला बारटॅक नसेल तर तो कट दर महिन्याला थोडा थोडा वर चढणार हे धरून चाला.

पैठणीच्या ब्लाउजचं वेगळं दुखणं

रेशमी ब्लाउज पाठीवर किंवा मुंढ्यात 'उसवला' म्हणून टेलरकडे येतो तेव्हा बऱ्याचदा एकही टाका तुटलेला नसतो. टीप जागच्या जागी असते, तिच्या शेजारचे कापडाचे धागेच सरकलेले असतात आणि फट पडलेली असते. रेशीम, सॅटिन गुळगुळीत, धाग्याला धागा धरून ठेवत नाही, त्यात ब्लाउज अंगाबरोबर बसणारा, आणि हळदीकुंकवाला वाकून वाकून सगळा ताण पाठीवर. इथे परत टीप मारून काहीही होत नाही, सरकलेला भाग आत घेऊन टीप मारली तर ब्लाउज अजून घट्ट होतो आणि पुढच्या वेळी अजून सरकतो.

उपाय शिवायच्या आधीच. अस्तर लावायचं आणि ते रेशमाच्या मानाने अगदी थोडं घट्ट ठेवायचं म्हणजे ताण अस्तर घेतं, माया रुंद ठेवायची, आणि फिटिंग एक पाव इंच सैल, जे कुणालाच नको असतं. घेण्याआधी कापड तपासायचं असेल तर दोन्ही अंगठ्यांनी धरून उलट दिशांना हलकंसं ओढून बघा, धागे सरकून विरळ दिसले तर समजा.

म्हणजे टेलरकडचंच चांगलं?

तसं सरसकट नाही. ताणणाऱ्या कापडात कंपनीचं मशीन टेलरला केव्हाही हरवतं, आणि सोलापूरला शाळेचे गणवेश ज्या गतीने तयार होतात तसं एकट्या टेलरने शिवायचं म्हटलं तर जून उलटून जाईल. पण रेडीमेडमध्ये माया नसते. ओव्हरलॉकची सुरी ती कापूनच टाकते, आत जेमतेम एक सेंटिमीटर उरतं, त्यामुळे तो कुर्ता लहान करता येतो, मोठा करता येत नाही.

टेलरने शिवलेला ब्लाउज आतून बघा, बाजूला एक-दीड इंच माया आणि त्यात दोन-तीन समांतर टिपा, अंग भरलं की एक टीप उसवा, झालं. पुरुषांच्या शिवलेल्या पॅन्टला मागच्या मधल्या शिवणीत कमरेकडे माया वाढत जाते, तीही यासाठीच. शाळेच्या गणवेशात हे सगळ्यात जास्त लागतं कारण पोर वर्षात दोन इंच वाढतं, पण घाऊक कटिंगमध्ये प्रत्येक नगात दोन इंच कापड वाचवणं हाच तर धंदा. गणवेशाची ऑर्डर शाळेच्या समितीकडे आली असेल तर नमुना मागवताना बाजूची आणि खालच्या दुमडीची माया किती, हे लेखी घ्या, दराची घासाघीस नंतर.

पॅन्ट सीटवर फाटण्याचं काय, असंही विचारतील. ती शिवण वळणाची, पंगतीला मांडी घालून बसलं की सगळा ताण तिच्यावर, आणि साधी एकेरी टीप ताणत नाही. तिथे टेलरला एकाच रेषेवर दुसरी टीप मारायला सांगा, टाका जरा लहान ठेवून आणि दोऱ्याचा ताण थोडा सैल करून. हाताने करणार असाल तर उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे टोचून पुढे काढायची, धावदोरा नको.

उसवायला लागलंच तर

दोरा लोंबताना दिसला की तो ओढून तोडायची सवय फार वाईट. साध्या टिपेत फार बिघडत नाही, पण जीन्सच्या कमरपट्टीत साखळी टाका असेल तर एका ओढीत अर्धी शिवण हातात येते. आतली बाजू बघा, कड्या दिसल्या तर न ओढता सुटलेलं टोक सुईत ओवा, शेवटच्या शाबूत कडीतून काढा, गाठ मारा आणि मगच उरलेला दोरा कापा. ओव्हरलॉकचं टोक लोंबत असेल तर जाड सुईने ते शिवणीच्या आत इंचभर सरकवून टाका. आणि फट पडलेली असेल तर दोन्ही बाजूंना शाबूत टाक्यांवर अर्धा-अर्धा इंच चढून टीप मारा, फक्त फटीपुरती मारली तर तिच्या दोन्ही टोकांना परत उसवतं.